मुराळ्याचं हसू

लिंबाजीचं तोंड जन्मापासूनच हसरं होतं आणि त्यात त्याचा काडीचाही दोष नव्हता. वरचा ओठ जरा आखूड, उजव्या गालाला खळी, डोळ्यांच्या कोपऱ्यांना घड्या. माणूस नुसता उन्हात उभा राहिला तरी बघणाऱ्याला वाटावं, याला काहीतरी गंमत आठवली आहे. बाप वारला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. तो विस्तवाचं मडकं धरून तिरडीपुढं चालत असताना चुलत्यानं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाला, "दात काय काढायलास?" पोरगं आतून पार मोडून गेलं होतं, पण ते सांगायचं कसं? माणसं तोंड बघतात आणि तेवढ्यावर निकाल देऊन मोकळी होतात.

चारठाण्यापासून कोसभरावर कवठ्याची वाडी म्हणून तीस-चाळीस घरांचं गाव होतं, तिथं हा आठ एकर कोरडवाहूचा धनी. निजामाचा अंमल. एकदा गिरदावराचा, म्हणजे महसुलाच्या साहेबाचा, दौरा आला. सगळा गाव चावडीपुढं हात बांधून, माना खाली घालून उभा. साहेबाची नजर नेमकी लिंबाजीवर गेली.

"हसता कायकू है बे?"

"हसत न्हाई सरकार. तोंडच असं हाय."

पटवारी अनंतरावांनी ते उर्दूत करून सांगेपर्यंत लिंबाजीच्या कानाखाली एक बसली होती. गंमत अशी की, मार खाल्ल्यावरही तोंड तसंच राहिलेलं बघून साहेबालाच हसू फुटलं आणि मग सगळ्या गावाला हसायची परवानगी मिळाली. साहेब हसला की सगळ्यांनी हसायचं, साहेबाआधी कुणी हसलं तर तो माज. त्या राज्यात गरिबाच्या तोंडावर गरिबाची मालकी नव्हती, हे लिंबाजी त्या दिवशी शिकला.

पण ज्या तोंडानं मार खाल्ला त्याच तोंडानं पुढं त्याचं नाव केलं. पंचमी जवळ आली की सासरच्या लेकींना माहेरी आणायला माणूस धाडायचा, तो मुराळी. खरा मान भावाचा. पण ज्या घरात भाऊच नाही, किंवा आहे पण तोंडाचा फटकळ आहे, त्यांनी काय करायचं? पोलीस पाटील भुजंगराव मोठा हिशोबी माणूस. त्यानं आपल्या पुतणीला आणायला लिंबाजीला धाडून बघितलं. तीन वर्षं न सोडलेली पोरगी चौथ्या दिवशी वाडीत झोका खेळत होती. तेव्हापासून लिंबाजी अख्ख्या गावाचा मुराळी झाला.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. दुरडीत धपाटे आणि शेंगदाण्याचे लाडू घ्यायचे, पायावर पाणी पडलं की ओसरीत घोंगडीवर टेकायचं आणि मुद्द्याचं काही बोलायचं नाही. बैल, पाऊस, बाजार. सासूनं आपण होऊन विचारेपर्यंत दम धरायचा. मग ती म्हणणार, औंदा न्हाई जमायचं. तीनदा म्हणणार. तीनदाही आपण गोड हसून मान डोलवायची, म्हणजे चौथ्यांदा ती स्वतःच पोरीचं लुगडं काढून ठेवते. दुसरा कुणी हसला असता तर सासूला त्यात लबाडी दिसली असती. लिंबाजीला हसू आणावं लागत नव्हतं, म्हणून ते खरं वाटायचं.

आणि त्या पोरीनं मात्र हसायचं नाही, हा कायदा. मुराळी दारात दिसला आणि सुनेच्या तोंडावर हसू आलं की संपलं. "का गं, हितं काय तुला काट्यावर निजवायलो?" म्हणून सासू रोखून धरायची. म्हणून पोरी पदर ओढून चुलीपुढं बसायच्या, तोंड दगडासारखं ठेवून. पण हसू काय कुठं कोंडून राहतं? ते हातात उतरायचं. ओसरीत बसल्या जागी लिंबाजीला भाकरी थापायचा आवाज ऐकू यायचा, आधी ढिला, मग भरभर, मग पार ताल धरल्यासारखा. त्यावरून त्याला कळायचं, पोरीनं मनातल्या मनात गाठोडं बांधलं. गावाची शीव ओलांडली की तो मुद्दाम वीसेक पावलं पुढं चालायचा, मागं वळून बघायचा नाही. पाठीमागं पोरगी पदर खाली घ्यायची आणि एकटीच खळखळून हसायची. हे पाठमोरं ऐकलेलं हसू हीच त्याची मुराळीपणाची कमाई होती, आणि तो त्यावर फार खूश होता.

मग तेराशे त्रेचाळीस फसली उजाडलं, म्हणजे आपलं चौतीस साल. पंचमी तीन दिवसांवर आली होती आणि वाडीतले किशनराव पहाटे बसल्या जागी गेले. त्यांना एकच अपत्य, कडूबाई. आधीची दोन लेकरं दगावली म्हणून दृष्ट लागू नये या हिशोबानं असलं नाव ठेवलेलं. ती पाच कोसांवर पिंपळगावात दिलेली. लिंबाजीच दर पंचमीला तिला आणायचा. भुजंगरावानं सांगितलं, "जा. पर वाटंत सांगू नको, पोरगी वाटंतच पडंल. आबाची तब्येत नरम हाय, इतकंच म्हण." ही रीतच होती. मेल्याची बातमी लेकीला वाटेत सांगायची नाही.

लिंबाजी पिंपळगावात पोहोचला आणि दारातच म्हणाला, "आबाची तब्येत जरा नरम हाय, कडूला न्यायला आलाव."

आणि कडूबाईची सासू मोकळेपणानं हसली. कारण हेही रीतीचंच होतं. तालुक्यातला झाडून प्रत्येक मुराळी पोरगी सुटावी म्हणून हीच थाप मारायचा. "दर पंचमीला तुमच्या किशनरावाची तब्येत बरी नरम पडतीय," म्हातारी म्हणाली. "न्या बाबा. चार दिवसांत आणून घाला." आतून भाकरीचा आवाज भरभर यायला लागला, कडूबाईचा नेहमीचा ताल, एक लांब आणि दोन आखूड.

लिंबाजीनं पुन्हा तोंड उघडलं, "न्हाई, खरंच..." पण तोंड हसत होतं. त्या तोंडातून निघालेलं खरं कोण खरं मानणार? पुढचे पाच कोस त्याला गप्प बसायला रीत होती, आणि बोलायला धीर नव्हता. कडूबाईनं शिवेवर पदर खाली घेतला. तिची तीन वर्षांची नर्मदा लिंबाजीच्या खांद्यावर बसून त्याच्या गालाच्या खळीत बोट घालत होती. कडूबाई हसत होती, पंचमीची गाणी म्हणत होती, ओढ्याकाठी थांबून तिनं ओटीभर मेंदीचा पाला तोडला. आबाला माझ्या हातची कढी आवडते, म्हणाली. लिंबाजीनं एकदा मनाशी ठरवलं की त्या बाभळीपाशी सांगू. बाभळ आली आणि मागं गेली. हसतीय तर हसू दे, पुन्हा कधी हसेल कोण जाणे, असं त्यानं स्वतःला समजावलं. त्यात माया होती, भित्रेपणाही होता, आणि त्याला ते दोन्ही वेगळे करता आले नाहीत.

वेशीतून आत आल्यावर तिला बापाच्या दारात बांधून ठेवलेली तिरडी दिसली. ओटीतला मेंदीचा पाला खाली सांडला. ती ओरडली नाही. लिंबाजीकडं वळून म्हणाली, "लिंबादादा, तुमी हसत हुतात."

एवढंच. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

दोन वर्षांनी तिचा नवरा पटकीत गेला आणि ती लेकीला घेऊन बापाच्या शेतावर वाडीत राहायला आली. लिंबाजीच्या घरापासून तिसरं घर. पाणवठ्यावर, देवळात, खळ्यावर रोज समोरासमोर यायचं आणि ती नजर पलीकडं टाकून पुढं जायची. लिंबाजीनं मुराळीपण सोडलं. मुंडाशाचा शेव तोंडावरून घेऊन फिरायला लागला. लोकांना वाटलं, दात दुखत असतील. हळूहळू तोंडाला बंद राहायची सवय लागली. खळी दिसेनाशी झाली, घड्या खाली उतरल्या. त्याची बायको बायनाबाई म्हणायची, "मी हसऱ्या माणसाशी लगीन केलं हुतं, ह्यो कोण आणून ठिवलाय माझ्या घरात?" ती चेष्टेत म्हणायची, पण एकदा म्हणता म्हणता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चौदा वर्षं म्हणजे काही थोडे दिवस नव्हेत.

रझाकारांचं वर्ष आलं. वाटा ओस पडल्या, बाजार बसले, कोण कुठं पळालं याचा पत्ता राहिला नाही. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि चार दिवसांत सगळं फिरलं. चावडीवर दुसरा झेंडा चढला. पण माणसांच्या मनातली भीती झेंड्यासारखी एका दोरीनं उतरत नाही. दसरा होऊन गेला, रानात कापूस फुटला, तरी बायाबापड्या गावाची शीव ओलांडायला तयार नव्हत्या.

अशा दिवसांत एका सकाळी कडूबाई लिंबाजीच्या अंगणात येऊन उभी राहिली. बायनाबाईच्या हातातलं सूप हातातच राहिलं.

"लिंबादादा," कडूबाई म्हणाली, "माझ्या नर्मदीला आणायला जाताव का?"

नर्मदा आता सतरा वर्षांची होती. सहा कोसांवर बोरगावात दिलेली, पहिलटकरीण, सातवा महिना सरत आलेला. आठव्यात बाईला हलवत नाहीत, म्हणजे हातात पाच-सहा दिवस. त्या घरची थोरली सून वर्षामागं बाळंतपणात गेली होती. वाटेवर रझाकारांचा पहारा, सुईण पोहोचू शकली नव्हती. त्या घरातली तीच खोली, तीच बाज. कडूबाईला धास्ती होती ती याचीच. तिनं दोनदा माणसं धाडली होती. दोन्ही वेळा नर्मदेच्या सासूनं, धुरपताबाईनं, रिकामी परत पाठवली.

"का पाठवंना?" लिंबाजीनं विचारलं.

"भ्यालीय ती. तिच्या भाच्याला रझाकारांनी वाटंतच मारलं हुतं की. मी धाडलेली माणसंबी भ्यालेलीच. तिनं त्येंची तोंडं बघितली आन म्हणाली, तुमचंच काळीज ठिकाणावर न्हाई, माझी गरवार सून तुमच्या सोबत कशी धाडू?"

"मग मी जाऊन काय करू?"

कडूबाईनं जमिनीकडं बघतच सांगितलं, "तुमचं तोंड बघितलं की माणसाला वाटतंय, सगळं बरं हाय. त्या दिवशी मलाबी वाटलंच हुतं की."

लिंबाजीनं मुंडाशाचा शेव आणखी वर ओढला. ते तोंड आता राहिलं नाही, हे तिला कसं सांगावं? पण तिच्या एवढ्या वर्षांनी निघालेल्या शब्दाला तो नाही म्हणू शकला नाही. ती गेल्यावर त्यानं बादलीतल्या पाण्यात वाकून हसून बघितलं. पाण्यातला माणूस खांदा दुखावलेल्या बैलासारखा दात दाखवत होता. बायनाबाई मागं उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "असं तोंड घिऊन गेलात तर पोरगी तितंच बाळंत व्हईल, भ्याऊन." आणि पोट धरून हसली. लिंबाजीला मात्र हसू आलं नाही.

बोरगावला तो दुपारच्या आत पोहोचला. वाटेनं एक चिटपाखरू आडवं आलं नाही, दोन ठिकाणी लोक रानात पेरणी करताना दिसले. धुरपताबाई ओसरीत कापूस निवडत बसली होती. तिनं मुंडाशाचा शेव तोंडावर घेतलेला, गाल खाली ओढलेला हा माणूस अंगणात बघितला, वाडीचा म्हणून ओळखला, आणि कापूस बाजूला सारून उभी राहिली.

"कोण गेलं?" ती म्हणाली. "कडूबाई गेली का?"

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. नर्मदा पिठाचे हात घेऊन दारात आली, एक हात पोटावर. तिच्या तोंडाचा रंग उडाला होता. सतरा वर्षांच्या त्या पोरीच्या जागी लिंबाजीला मेंदीचा पाला सांडलेली कडूबाई दिसली. त्या वेळी तोंड हसरं होतं म्हणून खोटं बोललं. आता बंद आहे म्हणूनही खोटंच बोलत होतं.

या वेळी मात्र त्यानं बाभळ मागं जाऊ दिली नाही.

"कुणी गेलं न्हाई," तो मोठ्यानं म्हणाला. "कडूबाई धडधाकट हाय, लेकीची वाट बघायलीय. विहीणबाई, माझ्या तोंडाकडं बघू नका. माझं आधी ऐका."

आणि घोंगडीवर न टेकता, बैल नाही, पाऊस नाही, त्यानं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. किशनराव गेले तो दिवस, ती रीतीची थाप, ते पाच कोस. "त्या दिवशी मी बोलायला पायजे हुतं, आन तोंडावरच्या हसण्याला बोलू दिलं. म्हून आज शब्दानं सांगतो. वाट मोकळी हाय. दोन ठिकाणी पेरणी बघितली, बायका रानात हायत. वढ्याला पाणी गुडघ्याखाली हाय. त्याच्याउपर मला ठाऊक न्हाई. भ्या मलाबी वाटतंय. पर पोरीला आठवा लागायच्या आत आईपाशी न्यावी, असं मला वाटतंय."

धुरपताबाई खाली बसली. ती कापसातली काडी शोधायला लागली. मुराळी भीती वाटते म्हणून कबूल करतो, हे तिनं आजवर ऐकलं नव्हतं. "थोरलीला मी हितंच ठिवलं," ती म्हणाली. "तिच्या भावाला मोकळ्या हातानं परत धाडलं. मीच."

लिंबाजी ओसरीच्या कडेला टेकला. आणि आत, चुलीपुढं, भाकरी थापायला सुरुवात झाली. आधी ढिली, चाचरत. मग भरभर. मग तोच ताल, एक लांब आणि दोन आखूड, कडूबाईचा. आईच्या हाताखाली शिकलेल्या लेकीच्या हातात तो जसाच्या तसा उतरला होता. लिंबाजी ऐकत राहिला. मुंडाशाचा शेव केव्हा खाली घसरला ते त्याला कळलं नाही.

"हसायलाव हो तुमी," धुरपताबाई म्हणाली.

त्यानं गालाला हात लावून बघितला. "भाकरी ऐकायलो," तो म्हणाला.

धुरपताबाईनंही कान दिला. सुनेच्या भाकरीत ऐकण्यासारखं काही असतं, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं, किंवा स्वतःच्या तरुणपणीचं आता आठवत होतं. तिनं डोळे पुसले आणि लेकाला हाक मारली, "सटवाजी, गाडी जुप. खाली कडबा दाट घाल. आन हळू हाक."

शीव आली तेव्हा लिंबाजी सवयीनं वीस पावलं पुढं गेला. मागून गाडी थांबल्याचा आवाज आला.

"मामा, पुढं का पळायलाव?" नर्मदा गाडीतून ओरडली.

"तुला हसायचं असंल म्हून."

"मग तिकडं तोंड करून का? हिकडं या की. एकटीनं हसायला मी काय येडी हाय?"

सटवाजीनं कासरा सोडून दिला आणि आधी तोच हसला. मग गाडीच्या चाकाला धरून लिंबाजी उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ते शिवेवरचं हसू समोरून बघितलं. आपण इतकी वर्षं पाठमोरे चालून केवढं गमावलं, असं त्याला वाटलं.

वाडीच्या वेशीत कडूबाई दुपारपासून उभी होती. लांबून गाडी दिसली, पण तिची नजर गाडीवर नव्हती. गाडीपुढं चालणाऱ्या माणसाच्या तोंडावर होती. ते हसत होतं, आणि तिचा हात छातीवर गेला. लिंबाजीला ते एवढ्या लांबूनही दिसलं. त्यानं दोन्ही हात वर केले आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला.

"नर्मदा बरी हाय. गाडीत हाय. खुशाल हाय."

तेव्हा कुठं कडूबाईचा हात खाली आला.

लेक उतरली. कडूबाईनं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला, पायावर पाणी घातलं. मग उरलेला अर्धा तुकडा हातात घेऊन ती लिंबाजीपुढं आली.

"पाच कोस हसले हुते मी त्या दिवशी," ती म्हणाली. "बाप मेलेला आन मी गाणी म्हणत हुते. चौदा वर्सं त्याचा राग राग केला. कवा कवा वाटतं, तेवढंच हसू मिळालं. अजून ठरंना मला, दादा."

"माझंबी ठरंना," लिंबाजी म्हणाला.

"मग ऱ्हाऊ दे." तिनं त्याचा मुंडाशाचा शेव गळ्यापासून बाजूला केला, भाकरतुकडा त्या आखूड ओठावरून, खळीवरून, डोळ्यांच्या घड्यांवरून तीनदा फिरवला आणि वेशीबाहेर लांब फेकून दिला. "दृष्ट लागली हुती," ती बायनाबाईला म्हणाली. "माझीच."